माळ्यावरची रेसर

भंगाराच्या गाड्यात हात घालायचं रत्नमालाला तसं काहीच कारण नव्हतं. कॉलेजची वेळ झालेली, वाशिमच्या पाटणी चौकातून पुढे निघणारा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला, आणि नेमकी तिच्या स्कूटीपुढे एक हातगाडी आडवी होऊन बसलेली. गाडीवर फुटके कूलर, पत्रे, कुणाच्या तरी मोडलेल्या संसारातल्या बादल्या. मागून हॉर्न असे वाजत होते, की जणू सगळ्या गावाच्या लग्नाचा मुहूर्त टळून चालला आहे. ती एक पाय टेकून उभी होती. डोक्यात विचार म्हणावा असा काही नव्हता. गॅस बंद केला की नाही, एवढंच आपलं सवयीनं घोळत होतं. आणि डावा हात, तिला न विचारता, ढिगातून बाहेर आलेल्या एका वाकड्या तुकड्यावर जाऊन बसला. रेसर सायकलचा ब्रेक होता तो, हँडलच्या वाकणावर बसतो तसला. रबर कधीच कुजून चिकट झालेलं. पण बोटं त्याच्यावर बसली ती थेट आपापल्या जागी, दोन वर, दोन खाली, अंगठा आतून. होळी नुकतीच होऊन गेली होती, हवा कोरडी आणि थांबलेली, झाडाचं पान हलत नव्हतं. तरी तिला कानाजवळून वारा गेल्याचं ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, यात कवितेचा भाग नाही.

घेतला तिनं तो. ‘जोडी नाई त्याची बाई, एकच हाय,’ असं गाडीवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, तरी घेतला. डब्याच्या पिशवीत टाकला आणि कॉलेजात गेली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. पोरांनी अर्धवट धुतलेल्या नळ्या पुन्हा धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्रात्यक्षिक संपलं की गॅसच्या तोट्या बंद झाल्यात का ते फिरून पाहायचं, वर्षानुवर्षं हेच. त्या दिवशी तिनं किती वेळा पिशवीत हात घालून तो ब्रेक दाबून पाहिला ते तिचं तिलाच ठाऊक. नालासाठी घोडं घेणारी माणसं म्हणीतच असतात असं आपण समजतो. तसं काही नाही. ती वाशिममध्ये राहतात, स्कूटीवर फिरतात, आणि वरून पाहिलं तर चांगली शहाणीसुरती दिसतात.

दुःख म्हणावं तर तिला काही नव्हतं, आणि इथंच सगळी गोम होती. नवरा प्रसेनजित बँकेत. माणूस साधा, रागावला तरी आवाज न चढवणारा. मुलगा पुण्यात नोकरीला, रविवारी न चुकता फोन करणारा. घर स्वतःचं, अंगणात कढीपत्त्याचं झाड. अशा बाईला रडायलासुद्धा कुणी जागा देत नाही. पण गेली काही वर्षं अठ्ठेचाळिशीच्या या बाईच्या मनात एका भलत्याच भीतीनं घर केलं होतं. आपण आहोत ते ठीक आहे, पण आपण होतो का? अमरावतीच्या रस्त्यावर एके काळी जी पोरगी सायकल हाणत होती ती खरंच होती, की नंतर कधी भांडी घासता घासता आपणच ती रचली? पाहणारं कुणी उरलं नव्हतं. बाप गेला. सोबतच्या पोरी लग्न होऊन कुठं कुठं पांगल्या. भिंतीवर फोटो नाही. जिंकलीच नव्हती तर फोटो कोण काढणार? नवऱ्याला सांगितलं तर तो ‘हो का?’ म्हणायचा. त्या ‘हो का’मध्ये अविश्वास नव्हता. अविश्वास असता तर भांडता तरी आलं असतं.

बाप म्हणजे ग्यानबा. एसटीच्या अकोल्याच्या वर्कशॉपात फिटर, सुटीला मेडशीला घरी. लेक अमरावतीला कॉलेजात गेली आणि सायकलच्या शर्यतीत उतरते म्हणाली, तेव्हा भावकीतली माणसं हसली. ग्यानबा हसला नाही. अख्खी रेसर आपल्या भागात मिळायची नाही, म्हणून त्यानं ती तुकड्या-तुकड्यांनी जमवली. फ्रेम त्याला अकोल्यात एका बंद पडलेल्या दुकानामागं सापडली, निळी, पातळ नळीची. दोन बोटांवर तोलून म्हणाला, “फूल हाय फूल.” मग बाकीचं सामान. दर सुटीला तो पिशवीत दोन दोन नमुने घेऊन यायचा, अंगणात पोतं अंथरून मांडायचा आणि रत्नमालाला म्हणायचा, “हात लावून पाय. तुले कोनतं पायजे?” तिचं नाव कुणी ठेवलं, शाळा कुणी ठरवली, पुढं नवरा कुणी पाहिला, नोकरीचा अर्ज कुणी भरायला लावला, सगळं दुसऱ्यांनी आणि सगळं भल्यासाठीच. तुले कोनतं पायजे, हे तिला आयुष्यात एकाच माणसानं विचारलं, आणि तेही ब्रेक आणि पायडलांच्या बाबतीत. हँडलचीच गोष्ट घ्या. रेसरचं हँडल खाली वळलेलं असतं. गावातल्या लोकांना वाटलं ग्यानबानं चुकून उलटं बसवलं. एका सकाळी पाहतात तो शेजारच्या काकानं पाना घेऊन, कुणी न सांगता, उपकार म्हणून ते सरळ करून ठेवलेलं, बोकडाच्या शिंगांसारखं वर. ग्यानबा तेव्हा मात्र हसला होता.

आणि मग तो रस्ता. विद्यापीठाची शर्यत, चांदूरकडचा चढ, पोरींचा घोळका, चेनींची करकर, धापा, मागच्या जीपचा भोंगा. चढाच्या शेवटी ती उठून उभी राहिली आणि पायडल मारत सुटली, आणि एकदम मागचा सगळा आवाज बंद झाला. सगळा. फक्त वारा आणि आपलं शरीर, जे त्या वेळी कुणाची लेक नव्हतं, कुठल्या वस्तीतलं नव्हतं, मुलीचंसुद्धा नव्हतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. किती वेळ चाललं असेल ते? थोडाच. पुढच्या उतारावर सगळ्यांनी तिला गाठलं आणि ती कितवीशी तरी आली, मधलीच कुठली तरी. पण तो मधला थोडा वेळ तिचा होता, आणि तेवढाच होता. परत एकदा तो मिळाला तर मागचं सगळं खरं ठरेल, आणि नाही मिळाला तर नाही. रत्नमालानं हे इतक्या स्पष्ट शब्दांत कधी स्वतःला सांगितलं नाही. पण त्या ब्रेकनंतर ती जे काही करत सुटली त्याला दुसरा अर्थ लागत नाही.

सायकल मेडशीला होती. म्हणजे लग्नाच्या वेळी होती. पुढं चाकं धाकट्या भावानं, रवीनं, शाळेत जायला दुसऱ्या सायकलीला लावली, सीट उंदरांनी खाल्लं, चेन कुठल्या तरी कुंपणाच्या फाटकाला गेली. उरली फ्रेम, पुढचा चिमटा आणि हँडल. ते बापानं पुसून, तेल लावून, माळ्यावर चढवलं. “रत्ना येईन न्यायले,” असं आईला म्हणाला म्हणे. रत्ना गेली नाही. मग बाप गेला, आणि नंतर तर माळ्याकडं मान वर करून बघायचाही तिला धीर झाला नाही. आता मात्र तिनं ठरवलं की आधी सामान जमवायचं, सगळं, शेवटच्या नटबोल्टापर्यंत, आणि मगच फ्रेम आणायची. आधी फ्रेम आणून ठेवावी हे कुणालाही सुचलं असतं. तिलाही सुचलं होतं. पण माळ्यावर फ्रेम आहे ना, असं विचारलं की त्याला उत्तर असतं, आणि उत्तर तिला नको होतं. आईशी फोनवर पाऊसपाणी, गुडघे, रवीची पोरं, सगळं बोलणं व्हायचं. फ्रेमचं नाव नाही.

मोबाइलवर जुन्या सायकलींच्या हौशी लोकांचा एक ग्रुप सापडला. नागपूर-अमरावतीकडची माणसं, झाडून सगळे पुरुष. तिच्या नावाच्या जागी नुसतं ‘र’ आणि चेहऱ्याच्या जागी त्या ब्रेकचा फोटो, म्हणून सगळे तिला ‘सर’ म्हणायचे. तिनं दुरुस्त केलं नाही. सर म्हणून जगायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. सरांना कुणी ‘कशाला हवंय हे आता’ म्हणत नाही. सरांनी ब्रेकची जोडी मिळवली, पण रंग थोडा वेगळा निघाला म्हणून परत केली आणि दुसरी मागवली. सरांनी रिमा निवडायला महिना घातला. पोलादी रिम टिकते पण जड, अ‍ॅल्युमिनियमची हलकी पण खड्ड्यात वाकते. आणि वाशिमहून कुठल्याही दिशेला निघा, खड्डे काय सांगावेत. तिनं हलकी घेतली. बापानं हलकीच घेतली असती. प्रयोगशाळेत पोरं कुठल्याशा क्षाराचा रंग पाहत असायची, आणि ही टेबलाच्या कडेला उभी राहून मनातल्या मनात चाकाच्या तारा ओढून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत असायची. एकदा तर गॅसची तोटी तशीच राहिली. नशीब, शिपायाच्या नाकानं ती पकडली.

गिअरचं चक्र निवडताना मात्र ती अडकली. नागपूरचा गोविंदसिंग म्हणून एक जण होता, गुरुद्वाऱ्यामागं त्याचं जुन्या सायकलींचं दुकान. त्याच्याकडं दोन चक्रं होती. मोठं घेतलं तर वेग, पण मांड्या पायजेत. छोटं घेतलं तर चढाला सोपं, वयाला बरं. त्यानं साधा प्रश्न विचारला, “सर, रायडरचं वय काय?” रत्नमाला स्वयंपाकघरात उभी होती. कुकरच्या शिट्या चालू होत्या. उजवा गुडघा सकाळपासून ठणकत होता, त्याला आयोडेक्स लावून वर जुन्या ओढणीची पट्टी बांधलेली. तिनं लिहिलं, “एकोणीस.” तिकडून लगेच आलं, “मग विचार कायले करता सर, मोठंच घ्या. जवान पोट्टं हाय, उडवन.” मोठं चक्र आलं. सीटही तसलंच आलं, चामड्याचं, अरुंद, दगडासारखं. रुंद मऊ सीट बायकांसाठी मिळतं हे तिला माहीत नव्हतं का? होतं. पण आता पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या बाईला सोयीचं असं काही निवडलं, की ती दुसरीच कुणी तरी होणार होती, आणि त्या दुसरीला तर ती रोजच आरशात पाहत होती.

प्रसेनजितला ते चक्र पिठाच्या डब्यामागं सापडलं. “नवीन चाळणी घेतली का?” तो म्हणाला. तिनं सांगितलं. सगळं नाही, सायकल जोडतेय एवढंच.

“आनंद आहे. चालवणार कोण?”

“मी.”

तो हसला असता तर बरं झालं असतं. “गुडघ्याचं बघ बरं,” तो म्हणाला आणि चक्र पुसून, फडक्यात गुंडाळून, उंदीर-झुरळ लागणार नाही अशा जागी वर ठेवून दिलं. त्याच्या त्या चांगुलपणाचा तिला इतका राग आला, की ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. अशा माणसावर रागवायचं तरी कुठून? धरायला कडीच नाही.

सामान पूर्ण झालं तेव्हा आखाड संपत आला होता. पावसानं चार दिवस उघाड दिली होती. तिनं दोन्ही चाकं चादरीत बांधली, बाकीचं एका बॅगेत भरलं, आणि रविवारी सकाळी मालेगाव मार्गे अकोल्याला जाणाऱ्या एसटीत चढली. कंडक्टरनं चाकांकडं पाहून “गाडी मागून येते काय ताई?” असं विचारलं. बसमधली दोन-तीन माणसं हसली, तीही हसली. बाहेर सोयाबीन हिरवंगार, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी. ती सारखी पुढं वाकून रस्ता बघत होती, जणू बाप फाट्यावर घ्यायला येणार आहे. तो बॅग घेईल, वजन तोलेल, म्हणेल, बरं निवडलं. तिला ठाऊक होतं तो येणार नाही. पण मेडशी जवळ येईतो ते ठाऊक असणं बाजूला पडून राहिलं, आणि फाट्यावर उतरून, पानटपरीजवळ कुणीच नाही असं पाहिल्यावर, एवढ्या वर्षांनी तिला नव्यानं वाईट वाटलं.

घराला कडी. शेजारची चंदाबाई म्हणाली, “माय वावरात हाय, रवी बाजाराले गेला.” रत्नमालानं चाकं आणि बॅग ओसरीवर ठेवली. माळ्यावर चढायची शिडी तिथंच भिंतीला टेकलेली होती. चढली नाही. आधी आईला भेटू, असं स्वतःला म्हणत पांदणीनं वावराकडं निघाली. वावर लांब नव्हतं. धुऱ्यावरूनच, म्हणजे वावराच्या बांधावरूनच, तिला आई दिसली. विमलबाई, पंच्याहत्तरीची, पदर खोचलेला, सोयाबीनच्या दोन ओळींमधून उभ्यानं चालत होती आणि हातात काहीतरी धरून पुढं ढकलत होती. पुढं एक चाक. चाकामागं जमिनीत रुतलेली लोखंडी पास, तण कापणारं आडवं पातं, तिच्यामागं उपटून पडलेलं तण. आणि चाकापासून आईच्या हातापर्यंत जी नळी आली होती ती, चिखलाच्या पापुद्र्यातून जिथं जिथं दिसत होती तिथं तिथं, निळी होती. हँडल वर केलेलं, शिंगांसारखं. आई त्या शिंगांची टोकं धरून येत होती.

“कवा आली व? ना फोन, ना काई.”

“हे काय आहे, माय?”

“सायकल डवरा नाई का. रवीनं बनवला औंदा.” आईला लेक आल्याचा आनंद झाला होता, आणि हातातली वस्तू दाखवायचाही. “माह्यानं आता बसवत नाई पोरी, गुडघे गेले. बसली का उठवत नाई. मंग निंदाले बाया सांगा, बाया येत नाई. रवी म्हने, माय, उभ्यानं होईन असं काई करून देतो. पयले काळ्या सायकलचा बनवला, तो मेला ओळीच्या शेवटाले उचलतच नव्हता, दुसऱ्याच दिवशी भंगारात देल्ला. मंग हे माळ्यावरची काढली. पाय ना, एका हातानं उचलते मी.” आणि तिनं खरंच एका हातानं तो डवरा उचलून, वळवून, पुढच्या ओळीत ठेवला. “तुह्या बापाचा हात लागेल हाय ह्याले. फूल हाय फूल.”

रत्नमाला धुऱ्यावर बसली. राग यायला हवा होता, आणि तो तिनं शोधला. डोक्यात, छातीत, सगळीकडं शोधला. रवीवर? त्यानं आईसाठी केलं. आईवर? ती एवढी वर्षं उकिडवी बसून दुसऱ्यांची आणि स्वतःची वावरं निंदत, तण काढत आली, आणि आता कुठं उभी राहिली होती. फ्रेमचा मागचा त्रिकोण कापून टाकलेला, सीटच्या नळीच्या बुडाशी पास जोडलेली. कापल्या जागी गंज धरला होता. डोळ्यांपुढं ते मोठं चक्र आलं, आठ-आठ दिवस विचार करून घेतलेलं, आणि ते बसवायची जागाच आता जगात नव्हती. गोविंदसिंगला काय सांगायचं, हा एक मूर्ख विचार मनात आला. आई ओळीमागून ओळ काढत होती. तिचा चेहरा शांत होता, आणि खोटं कशाला, लेकीला त्या क्षणी आईचा हेवा वाटला. त्या निळ्या नळीला हात लावायचा हक्क आईनं कामानं मिळवला होता, आणि हिनं नुसता आठवणीनं.

तिसऱ्या प्रहरी रवी आला. ओसरीवर चाकं पाहिली, बॅगेची चेन उघडून आत पाहिलं, आणि खाली बसला. चाळिशीचा बाप्या, कानशिलं पांढरी झालेली, पण ताईपुढं लहानच. “ताई, तू एका शब्दानं सांगतलं असतं त मी हात लावला असता का त्याले?”

“राहू दे रवी. गेलं ते गेलं. मायच्या कामी आली.”

“राहू कायले देऊ? जोडून आनतो ना मी. फाट्यावर खेमा हाय वेल्डिंगवाला, ट्रॅक्टरचं धूड जोडते तो, सायकल काय चीज हाय.”

“ने, ने,” आई आतून म्हणाली. चहा गाळत होती. “तिची हाय ते. तिच्या बापानं तिच्यासाठी ठेवली होती. माह्यं काय, मी बसून करीन. जनमभर बसूनच केलं.”

इथं रत्नमालानं दुसऱ्यांदा ‘राहू दे’ म्हणायला हवं होतं. तिला ते कळत होतं. शब्द तोंडात होता, जिभेला त्याची चव लागत होती. पातळ नळीला जाड नळी जोडली की काय होतं ते ग्यानबाच्या लेकीला सांगायला नको होतं; तुटलेली रेसर जुळत नाही, जुळली तर ती रेसर राहत नाही. तरी एक वेडी आशा पोटात उभी राहिली. कोण जाणे, खेमाचा हात चांगला असेल. कोण जाणे, वारा तोच असेल. ती चहाच्या कपाकडं पाहत बसली. तिचं गप्प बसणं म्हणजेच हो, हे तिघांनाही समजलं आणि रवी खूश झाला. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजात रजा कळवली. सकाळीच रवीनं डवरा आणि सगळं सामान मोटरसायकलला बांधलं आणि फाट्यावर गेला.

दुपारी तो सायकल घेऊन आला. सरळ वावरातच आला, कारण आई तिथंच होती. खेमानं कुठल्याशा टाकून दिलेल्या काळ्या सायकलचा मागचा भाग आणून निळ्याला जोडला होता, जोडाच्या जागी बोटाएवढे वेल्डिंगचे गोळे. नव्या रिमेचं चाक मागं बसलं नाही म्हणून तिथं काळ्या सायकलचंच जाड चाक. मोठं चक्र बसवायला त्यानं ठोकून ठोकून जागा केली होती. एवढ्यानं भागलं असतं, पण रवीनं वर निळा रंगही मारला होता, ट्रॅक्टरचा, अजून ओला. ब्रेक, सीट, पट्टी, सगळं तिनं निवडलेलं जिथल्या तिथं होतं. हँडल खाली वळवलेलं होतं. तेवढं त्याला बापाचं आठवत होतं. त्याच्या कपाळावर काळं लागलेलं, डोळ्यांत पाणी. “कशी झाली ताई?”

“छान झाली,” रत्नमाला म्हणाली.

ती बसली. पांदण वावराला वळसा घालून जाते आणि पलीकडून परत धुऱ्याला येऊन मिळते. पावसाच्या उघाडीनं ती वाळून घट्ट झालेली होती, वावरातली काळी माती मात्र अजून ओलीच होती. पहिल्याच पायडलला कळलं. पुढचं चाक एका रेषेत चालत होतं आणि मागचं दुसऱ्या, एका बाजूला ओढत होतं, सरळ जायला हात वाकडे धरावे लागत होते. मागचं वजन असं, की कुणी कॅरिअरवर बसलं आहे. मोठं चक्र एकेका वेढ्याची किंमत गुडघ्याकडं मागत होतं. तरी ती उठून उभी राहिली आणि तिनं मारलं पायडल, होता नव्हता तेवढा जोर लावून, दात आवळून. वारा आला. कानाजवळून गेलाही. पण तो नुसता वारा होता, धुऱ्यावरून जाणाऱ्या कुणालाही लागतो तसला. मागचा आवाज बंद होण्याची ती वाट पाहत होती. मागं काही आवाजच नव्हता. चेन करकरत होती, श्वास फुटत होता, आणि हे सगळं अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका बाईचं होतं. तिनं अगदी नीट, अंगाच्या प्रत्येक सांध्यानं शोधून पाहिलं, आणि त्या पोरीचा कुठंही पत्ता नव्हता. म्हणजे ती कधी नव्हतीच, असंही असेल. आता ते सांगणारं काही उरलं नव्हतं. जे होतं ते काल आईच्या हातात होतं, आणि रत्नमाला स्वतः गप्प बसली म्हणून आज तेही नव्हतं.

वळसा घालून ती धुऱ्याजवळ आली तेव्हा आई ओळीत बसलेली होती. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून भुईवरच फतकल मारून, एक पाय लांब, हातात विळा. पाऊस परत यायच्या आत तण निघायला हवं होतं, तण कुणासाठी थांबत नाही. ती हातापुढचं तेवढं काढायची, मग दोन्ही तळवे चिखलात टेकून, ढुंगणावर, वीतभर पुढं सरकायची. नऊवारीचा मागचा भाग चिखलानं माखून जड झाला होता. रवी तिच्या बाजूला उभा राहून सायकलकडंच पाहत होता. उतरावं, सायकल टाकावी, जाऊन विळा हातातून घ्यावा, असं रत्नमालाच्या मनात आलं आणि तिनं ब्रेक दाबले.

आईनं मान वर केली. तोंडभर हसली. “थांबली कायले व? चालव ना. तुह्या बापानं पायलं, मी कवाच नाई पायलं तुले चालवताना. पायू दे मले.”

रत्नमालानं पाय पुन्हा पायडलवर ठेवला आणि दुसरा वळसा घ्यायला निघाली. मग तिसरा. ऊन तिरपं झालं, गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत चढली. दर वळशाला ती धुऱ्याशी आली की आई विळा थांबवायची, हात कपाळाशी धरून बघायची, हसायची, आणि पुन्हा तळवे टेकून चिखलातून पुढं सरकायची. रत्नमाला केव्हाच उतरली असती, पण आई बघत होती.